वेणी सोडून

मंगळवार, ३ फेब्रुवारी

वहीबाई, कशा आहात? पानांना ओल लागली नाही ना? मला जन्मात पत्रांपलीकडे काही लिहिता आलं नाही, त्यामुळे सुरुवात अशीच होणार, सांभाळून घ्या. गुडघेबुवा, तुमचं कसं काय? बरं आहे म्हणतात, समोर जिना नसेल तोवर. चष्मा कसा आहे? काडी निखळली होती, शेजारच्या चष्मेवाल्याने बसवून दिली आणि पैशांऐवजी माझ्या नाकाला पोटभर नावं ठेवली. मोठी कात्री? ठणठणीत, कालच धार लावली. आणि आमची खुंट्यांची फळी, जिच्यावर हाताने गोफ विणतो ती? म्हातारी झाली, पण कुरकुरते माझ्यापेक्षा कमी. नवीन आलेल्या मशीनला विचारायची सोय नाही, दिवसभर तेच बोलतं. राहिली भाची. भाची मजेत आहे. डावा हात कामात, उजवा केसांत.

ही वही तिनेच आणून दिली. म्हणाली, "मामा, तू दिवसभर माझ्याशी बोलतोस, माझे कान दुखतात. थोडं हिच्याशी बोल."

आमचा धंदा गोफांचा. पडदे बांधायचे, दिवे टांगायचे, पिशव्यांच्या बंदांचे, सगळ्या तऱ्हेचे गोफ आणि त्यांना लागणारे गोंडे. मला कोणी शिकवलं नाही. तरुणपणी एका हॉटेलात सामान उचलायचो, तिथल्या पडद्याचा तुटका गोफ उसवत उसवत शिकलो. भाचीला मी शिकवलं. धाकटी बहीण गेली तेव्हा ही शाळेत होती आणि केस खांद्यापर्यंत होते. आता ती मोठी झाली आणि केस कमरेच्या खाली गेले. दोघांच्याही वाढीला धरबंध नाही.

शुक्रवार, ६ फेब्रुवारी

आज एक गिऱ्हाईक दिव्याचा गोफ परत घेऊन आलं. विणीत हातभर लांब केस अडकलेला. म्हणे, "ह्यात तुमच्या घरचं कोणीतरी राहून गेलंय." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. भाची मात्र हसत सुटली.

ही सवय काही जात नाही बुवा. वेणी पुढे घेते, सोडते, पुन्हा गुंफते. तीन पदरांचे पाच करते, पाचाचे चार. शेंडा दातांत धरते, बोटाला पीळ देते, सोडून देते. चहा पिताना तेच, जिना चढताना तेच, कुणी मोठं माणूस बोलत असताना तेच. दिवसातून किती वेळा "झिपरे, हात काढ" म्हणतो त्याला गणती नाही.

"हात माझ्या केसांत आहे मामा, तुझ्या खिशात नाही."

"लोक काय म्हणतील? उवा झाल्यात म्हणतील."

"मग तू सांग ना, नाही झाल्या म्हणून."

आज तर दुपारभर खिडकीत बसून नुसती केसांशी खेळत होती. चार वेळा ओरडलो. संध्याकाळी मात्र उठली आणि फळीवर एक नवाच चारपदरी गोफ विणून दाखवला, मध्येच जाड, मध्येच बारीक, सापाने काही गिळावं तसा. छान झाला. शेवटी माझ्याच हाताखाली तयार झालेली आहे.

बुधवार, ११ फेब्रुवारी

मशीनवर हात आता बसला. सोळा रिळं एकमेकांना वळसे घालत फिरतात आणि मधून गोफ वर येतो, अगदी शिस्तीत. एकच प्रकारचा येतो, साधा गोल, पण काय वेग! मशीनभोवती तारेची जाळी होती. रीळ संपलं की दर वेळी तिचं दार उघडा, लावा, त्यात निम्मा वेळ जायचा. मी ती काढून कपाटामागे ठेवली. आता फटाफट काम होतं.

भाचीला मशीन आवडत नाही. म्हणते, "हे विचार न करता विणतं."

मी म्हटलं, "तू तरी कुठे विचार करतेस? खेळत बसतेस."

सोमवार, १६ फेब्रुवारी

आजचा दिवस मोठा. नवं नाट्यगृह उभं राहतंय, त्याचा ठेकेदार आला. रंगमंचाचा मोठा पडदा, शिवाय दारं, खिडक्या, सज्जे, सगळ्यांना गोफ हवेत. एवढं काम आमच्या दारात कधी आलं नव्हतं. मी होते नव्हते ते सगळे नमुने मांडले. तो एकेक उचलून खाली ठेवत गेला. "हे सगळीकडे असतं हो. लोकांनी आत आल्यावर एकदा तरी हात लावून बघावा, असं काही दाखवा."

माझ्याकडचं संपलं. मी भाचीला चहा टाकायला सांगितला. ती वळली आणि हा एकदम म्हणाला, "हे काय आहे?"

"वेणी आहे," मी म्हटलं.

"ते दिसतंय हो मला. वीण कुठली?"

मला राग आला. परक्या माणसाने पोरीच्या केसांकडे बोट दाखवावं? पण ती आपणहून जवळ आली, वेणी पुढे घेतली. "सकाळीच जमली. सात पदर आहेत, पण एक मधूनच मागे फिरतो आणि पुन्हा येऊन मिळतो. कितीतरी दिवस त्याच्या मागे होते."

ठेकेदाराने पिशवीतून चष्मा काढून लावला. बघत राहिला. मग मला म्हणाला, "हाच. दुसरं काही दाखवू नका. पुढच्या महिन्यात दोऱ्यातला नमुना बघायला येतो."

काय सांगू, पोरीचं तोंड असं उजळलं की मीही राग विसरलो. तो गेल्यावर म्हणाली, "मामा, ही एकदाच आलीय. पुन्हा येईल न येईल. दोऱ्यावर उतरेपर्यंत मी वेणी सोडणार नाही."

"म्हणजे डोकं धुणार नाहीस? ठेकेदार वासानेच पळेल."

"तुझ्या मशीनवरचा मळून रंग बदललेला दोरा आधी संपव, मग माझ्या डोक्याकडे बघ."

दोघंही खूप हसलो.

बुधवार, १८ फेब्रुवारी

अक्षर वेडंवाकडं आलं तर माफ करा.

सकाळी भाची फळीवर दोरे लावत होती. एक रीळ घरंगळत मशीनखाली गेलं. ती वाकली. वेणी खांद्यावरून पुढे आली. शेंड्याची फीत आधी गेली आणि मग केस. मशीन थांबेना. मला बटण सापडेना. येणाऱ्याजाणाऱ्याला ज्या मशीनची मी कौतुकाने ओळख करून देतो, त्याचं बटण मला सापडेना! तिने दोन्ही हातांनी वेणी धरून मागे झटका दिला, शेंडा तुटला, ती मागे आपटली. तेव्हा कुठे माझा हात बटणावर पडला.

लागलं काही नाही. कोपर खरचटलं. पण सोळा रिळांमध्ये ती काळी बट फिरताना मी बघितली.

मी तिचा हात धरला आणि म्हटलं, "चल. आत्ताच्या आत्ता."

"कुठे?"

"कापायला."

ती म्हणाली, "मामा, दोन दिवस थांब. एवढी वेणी दोऱ्यावर उतरवून घेते. मग म्हणशील तशी काप."

"एक दिवस नाही. केस परत येतात, डोकं येत नाही."

"निदान उद्या."

"नाही म्हणजे नाही."

मशीनपासून लांब बसते, फडकं बांधते, आणखी कायकाय म्हणाली. माणूस घाबरला की बहाणे सुचतात. मी ऐकलं नाही.

रस्त्यापलीकडच्या केस कापणाऱ्या बाईंनी तिला खुर्चीत बसवलं, वेणी हातात तोलली. "एवढे सुंदर केस! अशीच वेणी ठेवून कापू, की सोडून?"

भाची काही बोलायच्या आत मीच म्हटलं, "सोडून कापा. म्हणजे सरळ येतील."

बाईंची बोटं चपळ. बघता बघता सगळं सुटलं. भाची आरशातून माझ्याकडे बघत होती. वाईट वाटणारच, म्हणून मी आरशात बघितलं नाही. भिंतीवरच्या शाम्पूच्या बाटल्या वाचत राहिलो.

आता मात्र माझा जीव भांड्यात पडला.

शुक्रवार, २० फेब्रुवारी

मानेपाशी कापलेले केस बरे दिसतात तिला. लहानपणी दिसायची तशी दिसते. मी म्हटलं, "हलकं वाटत असेल नाही?"

"हो."

बोलता बोलता तिचा हात खांद्यावर जातो, छातीपर्यंत खाली येतो आणि रिकामाच परत जातो. बघवत नाही. बहीण जाताना मी तिला शब्द दिला होता, तुझ्या पोरीच्या केसालाही धक्का लागू देणार नाही. कालपासून ते वाक्य डोक्यात फिरतंय आणि धड हसूही येत नाही.

सवय मात्र सुटली हे खरं.

मंगळवार, २४ फेब्रुवारी

ती फळीवर बसली आहे, विणते आणि उसवते. सात पदर लावलेत. मी शेजारी बसून दोरे धरले. चार बोटं वीण येते आणि कुठेतरी फसते. जो पदर मागे फिरायला हवा तो भलतीकडेच निघतो.

मी म्हटलं, "तुझाच गोफ ना? आठव की नीट."

"आठवत नाही मामा. माझ्या डोळ्यांनी तो कधी बघितलाच नव्हता. पाठीवर होता."

"मग केलास कसा?"

तिने एक दोरा ओढून सोडला. मग म्हणाली, "केसांत ओढ कळते. कुठला पदर ढिला, कुठला घट्ट, कुठल्याला वळायचंय, ते डोक्याच्या कातड्याला समजतं. मग बोटं तिकडे जातात. ह्या दोऱ्यांची ओढ खुंटीला कळते. मला नाही."

मी म्हटलं, "म्हणजे आजपर्यंतचे सगळे नमुने..."

"तुला काय वाटलं, मी खेळत होते?"

रागाने नाही म्हणाली. खरंच विचारत होती. आणि मला तसंच वाटत होतं.

रविवार, १ मार्च

चष्मेवाला गप्पा मारायला आला. सगळं ऐकून घेतलं. मग मशीनभोवती एक चक्कर मारली.

"ह्याला जाळी नव्हती का हो?"

"होती."

"मग?"

"कपाटामागे आहे."

एरवी हा माणूस माझ्या नाकावरून तासभर बोलतो. आज चहाही अर्धाच प्यायला. जाताना दाराशी थांबून म्हणाला, "लावून तर टाका आता."

तो गेल्यावर लावली. चार खिळे, दोन बिजागऱ्या. जाळीच्या दाराचा आवाज ऐकून भाची बाहेर आली, बघून पुन्हा आत गेली.

गुरुवार, ५ मार्च

मी माझ्या परीने बरेच उपाय केले. लोकरीचं गंगावन, म्हणजे खोटी वेणी, करून तिच्या केसांना बांधून बघितलं. ती बिचारी माझ्यासाठी बसली, दोन दिवस ते डोक्यावर वागवलं. शेवटी म्हणाली, "मामा, हे नुसतं लोंबतं."

मग मी केस कापणाऱ्या बाईंकडे गेलो. कापलेले केस असतील तर द्या म्हटलं. त्या म्हणाल्या, "ते कधीच गेले हो. केसांचे टोप करणारा माणूस येतो, लांब केस घेऊन जातो." मग माझं तोंड बघून म्हणाल्या, "आणि घेऊन केलं असतंत काय? सुटेच होते."

सुटेच होते. मीच सोडायला लावले. तशीच कापली असती तर वेणी आज टेबलावर असती. मी उलटीसुलटी करून, एकेक पदर मोजून, दोऱ्यावर उतरवली असती. एवढं तर मला येतं. आयुष्यभर दुसरं काय केलं मी?

बाईंनी वेणी धरून विचारलं होतं. एवढासाच प्रश्न होता.

मंगळवार, १० मार्च

ठेकेदार आला. मी घसा साफ करत होतो, तेवढ्यात भाचीच पुढे झाली. "तो आता नाही होणार."

त्याने तिच्या मानेकडे बघितलं. "अरेरे," म्हणाला. मग घड्याळाकडे बघितलं. मशीनवरचा गोफ बोटांत धरून चाचपला. "हाच द्या मग. एकसारखा येतो, बरं असतं. रंग तेवढा काळसर लाल ठेवा."

काम हातचं गेलं नाही. जेवताना मी म्हटलं, "बघ, वाचलो."

"हो," ती म्हणाली. "वाचलो."

तिने ताटातलं सगळं संपवलं. मी मात्र निम्म्यावर उठलो.

रविवार, १२ एप्रिल

नाट्यगृहाचा माल गेला. मशीनने सगळा केला. रिळं बदलायला एक माणूस पुरतं आणि ते माणूस मी आहे. भाची गोंडे बांधते, हिशेब लिहिते, खिडकीत बसते. हात मांडीवर, एकावर एक. मी कधी काळी ज्याची आस धरली होती तेच हे, शहाण्या पोरीसारखं बसणं.

आज म्हणाली, मैत्रिणीच्या गावी पार्सलच्या कचेरीत जागा आहे. "वजन करायचं, बांधायचं, चिठ्ठी लावायची. दोरीशीच संबंध आहे मामा, घाबरू नको."

"इथे काय कमी आहे?"

"मशीनला दोन माणसं लागत नाहीत."

"मशीन विकतो."

"आणि खाणार काय?"

मी म्हटलं, "केस येतील गं परत. तोवर थांब. जाळी लावलीय, फळी आहे, मी एक शब्द बोलणार नाही."

ती उठून माझ्याजवळ येऊन बसली. माझ्या सदऱ्याच्या बाहीवर एक दोरा होता, तो काढला. "केस येतील. आत्ताच थोडे आलेत. पण हात वर नेला की तुझा आवाज येतो."

"मी तर महिनाभर काही बोललो नाही."

"माहितीये. तरी येतो. 'हात काढ.' मग हात खाली येतो." आणि मला बरं वाटावं म्हणून हसली. "थोडी लांब जाऊन बघते. कदाचित तिथवर ऐकू येणार नाही."

रविवार, १९ एप्रिल

गेली. बसच्या खिडकीतून हात हलवला. मी म्हटलं, हात आत घे गं. मग जीभ चावली.

रविवार, २४ मे

नाट्यगृह उघडलं. ठेकेदाराने दोन पास पाठवले होते, मी आणि चष्मेवाला गेलो. मोठी गर्दी, नवीन रंगाचा वास, अजून चकाकणाऱ्या पायऱ्या. दारातून आत येणारी माणसं पडद्यांच्या बाजूने जात होती. मी कडेच्या खुर्चीवर बसून बघत होतो. एकानेही गोफाला हात लावला नाही. का लावावा? गोफासारखा गोफ. ठेकेदार येऊन माझा खांदा थोपटून गेला, "बघा, सगळे कसे सारखे आलेत." मी आभार मानले.

घरी येऊन भाचीला पत्र लिहायला बसलो. आधी इथे लिहितो, मग चांगल्या कागदावर उतरवेन.

झिपरे,

तू बरी आहेस ना? मैत्रीण बरी आहे? तिच्या आईचा खोकला थांबला का? कचेरीतला वजनकाटा अजून तुला खोटं सांगतो का? मी बरा आहे. चष्मेवाला बरा आहे, तुझी आठवण काढतो आणि माझ्या नाकाला सोडून देतो.

आज तुझा गोफ आठवून बघितला. खेळ सुरू झाला तरी मी तेच करत होतो, मांडीवर रुमालाचा पीळ घेऊन. मी स्वतःला एवढा मोठा गोफवाला म्हणवतो. कुठलीही वीण एकदा नीट बघितली की पाठ होते म्हणून बढाया मारतो. तुझी वेणी तीन दिवस माझ्यासमोर फिरत होती, चुलीशी, खिडकीशी, फळीशी. ठेकेदारानेसुद्धा चष्मा काढून लावला आणि बघितली. मी बघितली नाही गं. त्या आधीची कितीतरी वर्षं तुझी बोटं माझ्या डोळ्यांसमोर चालत होती आणि ती काय करतात ते एकदाही बघितलं नाही. नुसता हात दिसला की ओरडलो.

परत ये असं लिहिणार नाही. केस किती आले तेही विचारणार नाही. पण कधी तिकडे, दुपारी, पार्सलं नसताना, तुझा हात आपसूक वर गेला आणि कोणाचाच आवाज आला नाही, तर मला कळव. एवढं एकच कळव. मोठं पत्र नको, कार्डावर दोन ओळी चालतील. फक्त वाट फार बघायला लावू नकोस, लवकर लिही.

तुझा मामा